विंगेतून

शाणू वळवईकर फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा.
वळवई ते सुर्ला, सुर्ला ते वळवई,
दिवसातून चाळीस वेळा पोचायचा
आणि कुठेच गेलेला नसायचा.
लोक विचारतात, याला हे असलं नाटक सुचलं कुठून?
मी म्हणतो, एक दिवस फेरीत बसून या.

लिहायचा संपलेल्या तिकीटबुकांच्या पाठीवर.
म्हणून वाक्यं आखूड.
पुढे यालाच शैली म्हणाले.

मी त्याचा प्रॉम्प्टर. एकतीस वर्षं.
इतरांना शब्द पुरवले, ह्याच्या नटांना शांतता.
सगुण गावडे घाबरून मधेच बोलू लागला
की मी दबक्या आवाजात ओरडायचो,
"काही नाही! पुढे काही नाही!"
वहीत कंसात लिहिलेलं असे:
गप्प. मोजू नये.
मी मोजायचो.

'पंगत' पहिल्यांदा केलं ते जत्रेत.
पालखी देवळात परतलेली, रात्रीचे दोन,
चुडतांचा मांडव दवाने जड,
आणि रंगमंचावर ओळीने सात पानं.
मीठ वाढलं. लिंबाची फोड.
मग तासभर कुणी काहीच वाढत नाही.
पात्रं बोलतात: कुणाच्या सुपारीला कोळरोग,
कुणाचा जावई आखातात.
पानाकडे कुणी बघत नाही.
नांदी शेवटी, हात धुताना.

तेवढ्यात मागून, माडाला टेकलेला
फटू रेंदेर उठला:
"आता वाढा रे, मेल्यांनो!"
मांडव हसला. अध्यक्ष उठून गेले.
शाणू विंगेत आला,
माझ्या कानावरची पेन्सिल काढली
आणि ते वाक्य वहीत उतरवलं,
फटूच्या नावासकट.

तेव्हापासून ते वाक्य प्रेक्षकांचं.
गावोगाव कुणीतरी म्हणायचंच.
पण पणजीच्या स्पर्धेत प्रेक्षक शिकलेले,
हाताची घडी घालून समजून घेत बसलेले.
त्या रात्री मी तोंड फिरवलं
आणि अंधाराला प्रॉम्प्ट केलं.
कुणी उचललं नाही.
परीक्षकांनी नेपथ्याला उत्तेजनार्थ दिलं.
शाणू म्हणाला, पानं आपल्या कुळागरातली,
बक्षीस केळीला घाला.

आता पुण्याहून शर्वाणी नावाची मुलगी आलीय.
प्रभाव विचारते.
मी सांगितलं, फेरीला उशीर झाला की
सुर्ल्याच्या धक्क्यावर पोरं अजून ओरडतात, आता वाढा रे.
त्यांना नाटक ठाऊक नाही. हे लिहून घे.
तिने घेतलं नाही.
मी म्हटलं, तुझ्या नाटकातही म्हणे
बारा मिनिटं कुणी बोलत नाही. मोजलीस?
हसली. म्हणजे मोजली.

बाराव्याचं मात्र तिला सांगितलं नाही.
त्याच्याच अंगणात पानं मांडली होती.
मीठ. लिंबाची फोड.
आत काय अडलं कुणास ठाऊक, वाढपी येईनात.
आम्ही सुपारीच्या भावाचं बोललो,
मग तेही संपलं.
फटूला जाऊन सात वर्षं झालेली.
समोर सगुण, खाली मान.
वाक्य सगळ्यांना पाठ,
आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

आतून भाताचं पातेलं घेऊन
एक लहान मुलगी आली,
आमची तोंडं पाहून उंबऱ्यातच थांबली.
वहीत हे पात्र नाही.