चौथी अर्धी

थ्यूबोरॉनच्या बंदरावर जाळी सांधणाऱ्या आयगिलचे
शब्द गेले फेब्रुवारीत,
कॉफी ओतता ओतता.
कप गेला, चमचा गेला, बायकोचं नाव गेलं.
आकडे तेवढे राहिले.

वाचा शिकवायला येणारी बाई म्हणाली, होतं असं.
आकडे वेगळ्या खणात असतात,
शिव्यांच्या शेजारी.

वाल्बोर्गनं मग आकड्यांवर संसार चालवला.
चार म्हणजे गोळ्यांची वेळ.
अकरा म्हणजे त्यांचं घर, नाक्यावरचं,
किंवा घरी चल,
किंवा खिडकी लाव, वारा येतोय.
दोन म्हणताना तो तिच्याकडे बघे.
तीन क्वचितच म्हणे, तेही दाराकडे बघून.
तेव्हा ती कोबी चिरत राही.

मे महिन्यात नात आली, माल्म्योहून, केक घेऊन.
किती वर्षांचे झालात, आजोबा?
हाल्फ्येर्स, तो म्हणाला. लख्ख.

तुवाला हसू आलं.
तिच्या स्वीडिशमध्ये सत्तर म्हणजे सात दहा,
रुळासारखे सरळ.
हे काय मध्येच, अर्धं चौथं?

वाल्बोर्गनं जाळ्याची बुचं आणली पिशवीभर,
आणि टेबलावर मांडली.
वीस. वीस. वीस.
चौथ्या ओळीत दहाच.
हेरिंग अशीच मोजायचे गं, कोडीनं.
तीन कोड्या भरल्या, चौथी अर्धी.
भरलेलं सगळेच सांगतात,
आम्ही जी भरत आलीय तिचं नाव घेतो.

माझ्या पणजोबांकडे याला एकच शब्द होता: औट.
साडे नाही, तीन नाही,
एका घासात औट.
माणूस आपल्याच हातानं औट हात भरतो, म्हणत.
त्यांना औटकी शंभरापर्यंत पाठ होती.
मला पावकीसुद्धा धड येत नाही.
आज कॅल्क्युलेटर काढून बघितलं,
साडेतीन गुणिले वीस.
सत्तर आले. नुसतेच सत्तर.

आयगिल बराच वेळ चौथ्या ओळीकडे बघत होता,
बुचांकडे नाही,
पुढच्या मोकळ्या लाकडाकडे.
मग पिशवीत हात घातला,
एक बूच काढलं, अंगठ्यानं पुसलं,
दहाव्याच्या शेजारी ठेवलं.

अकरा, म्हणाला.

वाल्बोर्ग उठली
आणि तिनं खिडकी लावून घेतली.