विषय क्रमांक चौदा

सत्तावीस वर्षं मी या सभागृहाचं इतिवृत्त लिहितो.
खुर्च्या बदलल्या, महापौर किती बदलले ते मोजलं नाही,
बदललं नाही ते एक वाक्य:
'चर्चेअंती एकमताने मंजूर.'
चर्चा झाली नसली तरी
चर्चेअंती.
चहा यायच्या आत अकरा विषय,
भडंग यायच्या आत उरलेले सगळे.
सूचक, अनुमोदक,
नावं मी आदल्या रात्रीच लिहून ठेवायचो.

विमल मगदूम पावसाळा सरल्यावर आली.
संशोधन सहायक, नेमणूक अकरा महिने,
टेबल जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी.
जवळ एक टेप, शंभर पानी वही
आणि एकच प्रश्न:
पाणी कुठवर आलं होतं?

गावभागात विचारलं, सांगलीवाडीत विचारलं.
बायका भिंतीवर तळहात टेकवून दाखवायच्या,
इथं. नाही, जरा वर.
फ्रिज तरंगत होता तेव्हा इथं.
हळदीच्या एका गोदामात डाग अजून पिवळा होता,
तिनं रंगासकट लिहिला.
हरिपुरात पेवाचा मालक म्हणाला,
भिंत कशाला मोजताय,
आमच्याकडं नदी आधी खालनं येती.
तिनं त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला.
तीनशे बारा घरं.

विषय क्रमांक चौदा:
नदीकाठच्या पट्ट्यात बांधकामास परवानगी देणेबाबत.
टिपणी साडेसहा ओळींची.
सोबतच्या नकाशात नदी
आखून दिलेल्या जागीच वाहत होती.

तिनं तक्ता लावला. बाबगोंडा नाना उठले.
'बाई, नदी आम्हाला शिकवू नका,
आमचा जन्म घाटावर गेलाय.'
ती म्हणाली, 'एकशे नव्वदावी ओळ तुमच्या घराची आहे.
पाच फूट दोन इंच.
तुमच्या सूनबाईंनी सांगितलं.'
कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना.
नानांनी चष्मा काढला.
'माडीवरनं बोटीत उतरवली होती पोरीला,' म्हणाले,
'सातवा महिना होता.'
माइक बंद होता.
माइक बंद असताना बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

पीठासीन अधिकारी माझ्याकडं बघत होते,
सवयीनं, वाक्यासाठी.
माझं पेन 'एकमता'पर्यंत पोचलंही होतं.

आणि माझी नजर बेचाळिसाव्या ओळीवर.
नाव माझं, गल्ली माझी,
तळमजला: गुडघाभर.
मीच सांगितलं होतं, वर चहाही पाजला होता.
घर विकायला काढलेलं, गिऱ्हाईक मिरजेचं,
भिंतीला नुकताच डिस्टेंपर मारलेला.
तिनं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
सांगितलं तेवढंच लिहिलं.

विषय स्थगित.
'सर्व नोंदी पडताळून पुढील सभेसमोर ठेवाव्यात.'
हे वाक्य मला हाताला नव्हतं,
दोनदा खाडाखोड झाली.

रात्री दहाच्या नाण्यानं रंग खरवडला.
डाग होताच.
माझ्या खिशाइतक्या उंचीवर,
जिथं पेन असतं तिथं.

सकाळी जिन्याखाली वाकून म्हणालो, दुरुस्ती आहे.
तिनं पुरतं खोडलं नाही.
एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
वर नवा आकडा, शेजारी माझी सही.
'जुनं राहू द्यायचं?'
'राहू दे. लोक कमी का सांगतात
तेही कळायला हवं ना सभेला.'

मिरजेला अजून फोन केलेला नाही.
पुढच्या सभेत चौदाचा झालाय तीन.
तिची नेमणूक त्याच्या आठ दिवस आधी संपते.
मुदतवाढीची टिपणी मी लिहायला घेतली आहे,
पहिल्यांदाच साडेसहा ओळींहून लांब.
सूचक, अनुमोदक,
दोन्ही जागा कोऱ्या ठेवल्यात.