पंचमीची पाऊण

गळ्यात ओळखपत्र अडकवलंय: मेंटॉर.
एकतीस वर्षं टूलरूममध्ये
नुसता घाग होतो,
नाहीतर टोकन नंबर चारशे बारा.

ऐरोलीच्या शाळेत मे महिन्यातलं शिबिर,
सहा दिवस, दहा ते चार,
डबा आपापला, टोपी संस्थेची.
बत्तीस मुलं, आठ सोल्डरिंग गन
आणि दिवसभर माझं एकच वाक्य:
तार तापव, कथील आपोआप धावतं.

पहिल्याच दिवशी रेयांशनं विचारलं,
काका, हे बोट अर्धं का?
म्हटलं, चिंबोरीनं नेलं.
सगळे हसले, एक दर्पणा सोडून.
उठून आली, बोट उलटंपालटं करून पाहिलं
बाजारात वांगं पाहावं तसं.
‘चिंबोरी असं सरळ नाय कापत.’
आणि जाऊन जागेवर बसली.

मधल्या सुट्टीत तिला खरं सांगितलं.
पॉवर प्रेस, तिसरी पाळी, गार्ड काढलेला;
गार्ड लावला की नग कमी निघायचे.
कोणी काढलेला?
मीच.
ती काही बोलली नाही,
डब्यातलं सुकट अर्धं माझ्या झाकणात ओतलं.

पाचव्या दिवशी भरतीचा भोंगा:
साबणाची डबी, नऊ व्होल्टचा सेल,
एक ट्रान्झिस्टर, एक बझर,
बाहेर लोंबणाऱ्या दोन उघड्या तारा.
बादलीत मूठभर मीठ, तारा बुडवल्या.
बत्तीस डब्या एकदम किंचाळल्या तेव्हा
शिपाई आधी घंटेकडे धावला,
मग आमच्याकडे.

शेवटचा दिवस, दिवा गावचा धक्का.
खाडी अजून लांब, चिखलात निवट्या उड्या मारत.
रेयांशनं खांबावर कालवांची रेघ शोधली,
पाणी इथवर येतं, पुरावा आहे, म्हणाला,
आणि डबी नेमकी रेघेवर बांधली.
शिबिरात हेच तर शिकवलं होतं आम्ही.
दर्पणानं आपली दीड हात खाली बांधली.
‘ती रेघ उधाणाची.
आज पंचमी. पाणी भांगाकडं चाललंय.’

भरती किती वाजता?
ग्रीष्मा मॅडम फोनमध्ये शोधायला लागल्या.
दर्पणानं बोटं मोडली नाहीत, वर पाहिलं नाही:
‘तिथीची पाऊण. पाचाची पाऊण, पावणेचार.
ती बाहेर दर्यावर. इथं आत शिरायला
अजून अर्धा तास लागतो तिला.’
मॅडम म्हणाल्या, बस तर चारची आहे.

चारला बस गेली. खिडकीतून एकतीस टोप्या,
रेयांशची मान खांबाकडे वळलेली, वळलेलीच.
मी थांबलो सामान आवरायला,
दर्पणाचं घर तर समोरच,
तिची आत्या ओट्यावर जाळं विणत बसलेली.
कोणी कोणाशी बोललं नाही.
पाणी येताना आवाज करत नाही इथे,
एवढंच दिसतं की मघाचा दगड आता नाही.

सव्वाचारला वाजला.
बारीक, चिरका, न थांबणारा.
रबाळ्याच्या आमच्या भोंग्याला बंद होऊन
चौदा वर्षं झाली, तिथे आता काचेची इमारत आहे,
तरी हात उगाचच खिशात गेला,
टोकन शोधायला.

आत्यानं सुई थांबवली.
‘भरती आली ते आमाला दिसतंय की.
वरडतंय कशाला ते?’
‘शालंतल्यांना दिसत नाय म्हणून,’ दर्पणा म्हणाली.

खालची डबी तिनं सोडली, पदवी मिळावी तशी
दोन्ही हातांत धरून पाणी निथळवलं.
रेयांशची वर कोरडी, गप्प.
ती सोडायला मी शिडीवर चढलो
तर मला म्हणाली, राहू दे.
‘अवसेला वरडंल.’

सेल टिकला तर, मी म्हटलं.