जुलैतला बर्फ

फिनलंडच्या उत्तरेला, कुउसिवारा गावाच्या कडेला
एक खांब आहे, दोन मीटर उंच.
टोकाला खाली मान घातलेलं यंत्र.
दर दहा सेकंदांनी जमिनीवर आवाजाची एक टिचकी मारायची
आणि ती परत कधी येते ते मोजायचं,
एवढीच त्याची नोकरी.
लवकर आली तर बर्फ फार. उशिरा आली तर थोडा.
ते सांगेल तो आकडा हेलसिंकीत जसाच्या तसा उतरवतात,
कुलकर्ण्याच्या दप्तरात शिरलं की झालंच.

अकरा जुलै. चोवीस अंश. डास.
दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी
यंत्राने कळवलं : बर्फ, तेवीस सेंटिमीटर.
सव्वाचारला : शून्य.
बाराला तेच. तेराला तेच.
चौदाला पाऊस होता,
त्या दिवशी बर्फ सुट्टीवर.

जिल्ह्याच्या पेपरात चौकट आली.
औलूच्या एका निवृत्त इंजिनिअरने रडारला दोष दिला,
कुणी रशियाला,
आणि गावातल्या दुकानदारीण बाईने, लेम्पीने,
दारातल्या फळ्यावर
बटाट्याच्या भावाखाली
रोजचा बर्फ लिहायला घेतला.

साइमी तोर्विनेन, वय सव्वीस, खात्यात सर्वांत नवी,
म्हणून तिलाच पिटाळलं.
निघण्याआधी तिने कच्चे आकडे उघडले,
सरासरी काढण्यापूर्वीचे, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही.
बावीस पूर्णांक आठ.
तेवीस पूर्णांक चार.
बावीस पूर्णांक आठ.
ती बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिली.
बर्फ वरखाली होत होता.
बर्फ श्वास घेत होता.

तीनशे किलोमीटर गाडी हाकून
दोनला दहा कमी असताना ती कुंपणापाशी पोचली.
दोन वाजले. काही नाही.
दोन वाजून तीन मिनिटांनी
तारेखालच्या खड्ड्यातून
एक म्हातारी कुत्री सरपटत आत आली,
करडी, कानांनी ठार बहिरी,
खांबाला लटकलेल्या डब्याच्या सावलीत
तीनदा गोल फिरली
आणि सरकारी गवतावर आडवी झाली.
वरून यंत्र विचारत राहिलं : किती? किती?
तिला ऐकू येत नव्हतं.

मालक शेजारच्याच घरात. ओइवा, एकटा, ऐंशीच्या पुढचा.
त्याने कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव दिला,
तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली.
मग म्हणाला, तुमचं यंत्र खोटं बोलत नाही, पोरी.
तिचं नाव हल्ला आहे.

(आपल्याकडे हल्ला म्हणजे तलवारी, घोडे, आरडाओरडा.
त्यांच्याकडे हल्ला म्हणजे
ऐन उन्हाळ्यात रात्री गुपचूप उतरणारं हिम,
पीक जाळून पहाटे निघून जाणारं.
एक शब्द, आणि दोन्हीकडे नुकसानच.
ही मात्र नुसती झोपायची.)

अहवालात साइमीने लिहिलं : अडथळा, जैविक.
खात्याने तो रकाना शून्याने भरून टाकला,
कुंपणाखालचा खड्डा बुजवायला सांगितलं.
खड्डा बुजवायचा राहून गेला.
कच्चे आकडे पुसायचेही राहून गेले.
कधीकधी रात्रपाळीला
ती ते उघडून बघायची,
बावीस पूर्णांक आठ, तेवीस पूर्णांक चार,
आणि जांभई द्यायची, बरी, भरपेट.

पुढच्या जुलैत, मंगळवारी, फोन वाजला.
कुउसिवाराहून ओइवा.
म्हणाला, साडेतीन झालेत,
लेम्पीच्या फळ्यावर आठवडाभर शून्यच आहे.
तुमचं यंत्र बिघडलंय बहुतेक.
जरा येऊन तपासता का?

साइमीने काही विचारलं नाही.
रजा टाकली, तीनशे किलोमीटर गेली,
शिडी लावून वर चढली,
भिंग पुसलं, तारा हलवून पाहिल्या,
खाली ओइवा टोपी हातात धरून उभा.

मग खांबाखाली, त्याच गवतात, तिने त्याला बसवलं,
आणि फोनवर आकडा दाखवला.
एक्क्याऐंशी सेंटिमीटर.
बघा, म्हणाली, चालतंय.