तिसरी रांग

अण्णांना संवाद पाठ व्हायला वेळ लागतो.
चाळीस वर्षं हळदीच्या पेढीवर
नुसते आकडे बोललेला माणूस.
म्हणून विंगेत मी,
मांडीवर फाईल,
मोबाईलचा टॉर्च ओढणीत गुंडाळलेला,
बोट ओळीवर.

नाटकातला बाप साठीचा.
बायको मुलाकडे गेलेली, थोडे दिवस म्हणून.
तालमीत चौगुले सर ओरडायचे,
अहो, दुःख दिसू दे की जरा!
अण्णा म्हणायचे, बरं,
आणि खुर्ची इंचभर पुढं सरकवायचे.

घरी यावर आम्ही बोललो नाही.
आई श्रेणिकच्या बाळासाठी बेंगळुरूला गेली,
ते बाळ आता शाळेत जातं.
फोनवर अण्णा विचारतात, पाऊस हाय काय तिकडं?
ती विचारते, गॅस संपला काय?
मग कुणीच फोन ठेवत नाही थोडा वेळ.

स्पर्धेच्या दिवशी ती आली,
न कळवता, मिरजेला उतरून.
तिसऱ्या रांगेत बसली, पिशवी मांडीवर.

दुसरा अंक. स्टोव्ह खोटा, कप खरे.
अण्णांनी दोन कप काढले,
एक परत ठेवला
आणि थांबले.

ओळ साधी होती:
तू गेल्यापासून चहाचा अंदाज चुकतो.
मी दिली.
पुन्हा दिली.
तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं
की पडद्याच्या दोरीवरचा जिनाप्पा वळून बघायला लागला.
त्यांना ऐकू आलं होतं.
मला त्यांची पाठ वाचता येते.
ते कपाची कड अंगठ्यानं पुसत राहिले,
नखात अजून पिवळं.

परीक्षकांनी त्या विरामाचं फार कौतुक केलं.
सरांनी पेढे मागवले.
अण्णा रंग पुसत म्हणाले, विसरलो होतो.

रिक्षात तिघं, आई मधे.
आयर्विन पुलावर वारा आत घुसला
तेव्हा ती समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत म्हणाली,
प्रॉम्प्टिंग फार मोठ्यानं करतेस गं.
तिसऱ्या रांगेत सगळं ऐकू आलं.

अण्णा नदीकडे बघत होते.
म्हणाले, सांगितलंय तिला,
हळू दे म्हणून.

सकाळी स्वयंपाकघरात कप वाजले.
कुणीतरी काहीतरी बारीक आवाजात म्हणालं.
मी उठले नाही.