कोरा चौकोन

त्यांनी गावाचं नाव छापलं नाही.
शब्द पाळला.
लिहिलं एवढंच: उत्तर अटलांटिकच्या काठावरचं
एक कुटुंब, सहा पिढ्या.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ,
गेलेल्यावर तिरकी रेघ,
आणि ज्यांचं हृदय चालता चालता थांबलं
ते शाईनं भरलेले.

ड्रुसिला कीपिंगनं तो कागद
माशांच्या रिकाम्या खोक्यावर पसरला, चष्मा पुसला,
चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.
आठ वर्तुळं, मधे जुळे दोन चौकोन, दोन्ही काळे.
"हा एल्डन. हा एझ्रा."
ब्याण्णव माणसांच्या गावात
आठ बहिणी आणि जुळे भाऊ
आणखी कुणाच्या घरी असणार?
दार लावून घेतलं त्यांनी,
भिंत बांधायची राहिली.

रक्त तिनं आपणहून दिलं होतं.
सेंट जॉन्सहून आलेली ती पोरगी, डॉक्टर,
बूट दाराशी काढून आत आली,
तीन कप चहा प्याली,
आणि कुणी कधी न विचारलेलं विचारलं:
एल्डन पडला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?
पाव होता. अर्धा. लोणी लावलेला.
एवढं ज्यानं ऐकून घेतलं
त्याला नळीभर रक्त काय जड.

आता एझ्राच्या पोराला बोट घ्यायचीय.
बोटीला कर्ज, कर्जाला विमा, विम्याला अर्ज.
एजंट भला माणूस. म्हणाला,
चाचणीचं नावही काढू नकोस, गार्लंड,
मला विचारता येत नाही, कायदा आहे.
आणि पान उलटलं.
वडील हयात? नसल्यास, कितव्या वर्षी? कशानं?

एकोणचाळीस, त्यानं लिहिलं.
पुढच्या रकान्यात पेन अडकलं.
"बुडाले" म्हटलं असतं तर खपलं असतं
या किनाऱ्यावर. समुद्राला साक्षीला कोण बोलावतं?
पण एझ्रा गेला तो धक्क्यावर, कोरड्या फळ्यांवर,
भर दुपारी, साऱ्या गावादेखत.

गार्लंडचं पाकीट अजून तसंच आहे,
आत्याच्या बटणांच्या डब्यात, न फोडलेलं.
नकाशात त्याचा चौकोन कोरा,
आत मुंगीएवढं प्रश्नचिन्ह.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
हिचा भाव अजून कळलेला नाही;
ड्रुसिला रोज डबा उघडते,
एखादं बटण घेते, झाकण लावते.

दर जूनला ती टेकडीवरच्या दफनभूमीत जाते,
बादली, ब्रश, गुडघ्याखाली जुनं पोतं.
दगडांवरचं दगडफूल खरवडते,
आकडे लख्ख करते: जन्म, मृत्यू.
येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावेत म्हणून,
इतकी वर्षं.

यंदा ती गेली, बसली,
ब्रश कोरडाच ठेवला.
एझ्राच्या तीनावर करडं काहीतरी धरलंय,
नऊच्या पोटात हिरवट.
येत्या हिवाळ्यात आणखी पसरेल.
पसरू दे, म्हणाली.