पंधरा किलो

सांबऱ्याहून विमान, पुढं अंदमान.
बॅग पंधरा किलोची, जास्ती नको.
मुचंडींच्या दुकानातला काटा आणलाय उसना,
कांद्याची सालं चिकटलेली अजून.

सुती झगे चार, रबरी चपला,
डासांचं मलम, कुंद्याचा डबा.
बेटावर कुंदा कोण खातंय गे?
असू दे की.

"स्वेटर काढ," हे म्हणाले.
काढला. ठेवला. काढला. ठेवला.
डिसेंबरात टिळकवाडीत धुकं उतरतं,
अंगाला कसं पटवू
की कुठं तरी ऊब फुकट आहे?

"साक री, शेवंताक्का,"
दारातून गंगव्वा. हातात रिकामी बाटली.
"समुद्राचं पाणी आणा थोडं.
मी बघितला नाही की कधी."

बाटली ठेवली.
काटा हलला नाही.
येताना हलेल.

स्वेटर काढला.